एका माणसाचं जेवण

काटाकाकांच्या हातात काहीही आलं, की ते आधी तळहातावर तोलून बघत. सवयच ती! उभा जन्म दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला, तेव्हा हाताला गप्प बसणं कुठून ठाऊक असणार? कांद्याची पिशवी असो, साखरेची पुडी असो, नाहीतर शेजाऱ्यांचं तान्हं पोर असो. एकदा वर-खाली करायचं, डोळे बारीक करायचे आणि वजन सांगून मोकळं व्हायचं. आणि ते बरोबर निघायचं, हेच तर वाईट. चारदा चुकले असते तर गृहस्थ जरा जमिनीवर राहिले असते.

पुतणीने आणलेला ओव्हन मात्र तळहातावर मावणारा नव्हता. जावयाने तो धापा टाकत जिन्यावरून वर आणला, काकांच्या ओट्यावर ठेवला आणि पुतणीने, सांगून आलेल्या स्थळातल्या मुलाची ओळख करून द्यावी तशी, त्याची तारीफ सुरू केली.

"काका, हा स्मार्ट ओव्हन. तुम्ही काही म्हणजे काहीच करायचं नाही. पाकिटावर हा काळा चौकोन आहे ना, तो ह्याच्या डोळ्यासमोर धरायचा. ट्रे आत सरकवायचा. दार लावायचं. किती वाफ द्यायची, किती भाजायचं, सगळं त्याचं त्याला कळतं."

"बरं. आणि मुलगा नोकरीला कुठे आहे?" काका म्हणाले.

जावई हसला. पुतणी हसली नाही. तिने फ्रीझर उघडून दाखवला. आत सपाट पाकिटं एकावर एक रचलेली होती. प्रत्येकावर एकाच माणसाचं चित्र. "एक पाकीट म्हणजे एका माणसाचं एक जेवण. आठवड्याची सगळी आहेत. पुढच्या रविवारी परत आणते."

"आणि वहिनींचा डबा?"

पुतणी खाली बघत म्हणाली, "आईला आता जिना झेपत नाही, काका. डॉक्टर म्हणाले, अंगात अजिबात ताकद नाही. थोडे दिवस तिला आराम मिळू दे."

इथे घरची परिस्थिती सांगायला हवी. घर दोन मजली. खाली वहिनी, वर काका. काकांनी लग्न केलं नाही. का नाही केलं ते त्यांनाही आता धड आठवत नसावं. भाऊ होता तोवर ते खालीच, भावासमोर बसून जेवायचे. भाऊ गेला आणि ती समोरची खुर्ची रिकामी बघवेना, म्हणून काका वर जेवायला लागले. मग वहिनी दोन्ही वेळा भावाच्याच जुन्या स्टीलच्या डब्यात जेवण भरायची, अर्धा जिना चढून मधल्या पायरीवर ठेवायची आणि कठड्यावर चमच्याने टकटक करायची. काका उतरायचे, डबा उचलायचे, तळहातावर तोलायचे आणि वर जायचे. अशी किती वर्षं गेली, कुणी मोजली नाहीत. अर्धा जिना आपण उतरतो आणि अर्धा ती चढते, म्हणजे हिशोब अगदी चोख, असंच काकांना वाटत होतं. आता काय म्हणावं ह्या माणसाला!

पुतणी गेली आणि काकांच्या मस्तकात तिडीक गेली. आराम म्हणे! सरळ सांगा ना, म्हातारा जड झाला म्हणून. त्यांना राग आला तो डब्याचा नव्हे, रीतीचा. वहिनीने स्वतः येऊन सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. लेकीच्या आड लपून, एक डबडं पाठवून, सख्ख्या दिराला वेगळं काढायचं?

आणि राग पोटात ठेवतील तर ते काटाकाका कसले. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन ते बाजाराच्या गल्लीत गेले. किराणावाल्याच्या काट्याचं तबक साफ करता करता त्यांनी जीभ सैल सोडली.

"आमचं काय बाबा, आता यंत्राच्या पदरात पडलोय. घरात सख्खी वहिनी, पण दोन घास जड झाले तिला."

किराणावाला चुकचुकला. फळवाली तर हळहळलीच. तिचा काटा लावून देताना काकांनी अजून थोडं मीठमसाला लावून सांगितलं. म्हणजे वहिनी हिंडते-फिरते, खाते-पिते, पण दिरासाठी म्हटलं की हिचे गुडघे दुखतात, असं. फळवालीने त्यांच्या पिशवीत दोन केळी जास्तीची टाकली. काकांनी ती घेतली. बरं वाटलं त्यांना! कुणीतरी आपली कीव करतंय ह्याचं इतकं सुख असतं हे त्यांना ह्या वयात कळलं, आणि मग ते रोजच सुख घ्यायला लागले.

इकडे ओव्हनशी त्यांचं काही जमेना. पहिल्या दिवशी चौकोन कुठे धरायचा ते कळेना. पाकीट आडवं धरलं, उभं धरलं, चष्मा काढून धरलं, चष्मा ओव्हनसमोर धरला. शेवटी ओव्हनने एकदाची 'टिंग' केली तेव्हा काकांनी दचकून "हो साहेब!" म्हटलं. मग साहेब आत काहीतरी घुमू लागले. काचेतून दिवा दिसत होता, वाफ दिसत होती. काका स्टूल घेऊन समोर बसले, ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तसे. पुन्हा टिंग झाली. दार उघडलं तर भात, त्यावर वाटाणे, गाजर, कडेला भाजलेला मासा, सगळं आपापल्या जागी नीट बसलेलं. वास खरोखर छान होता. काकांनी खाल्लं. चव नावं ठेवण्यासारखी नव्हती, ह्याचा त्यांना जरा रागच आला.

आणि मग ट्रे रिकामा झाला. काका चमचा हातात धरून तसेच बसले. पुढचं वाढायला कुणी येणार आहे अशा बेताने बसले. पोट म्हणत होतं, हं, सुरुवात तर चांगली झाली.

"लबाड!" काका ओरडले. "एका माणसाचं जेवण म्हणे. हे एका माणसाचं जेवण?"

अहो, ज्या माणसाने भल्याभल्या दुकानदारांचे काट्याखाली चिकटवलेले खडे पकडले, त्याला कुणी मापात मारणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला सगळ्यात नेमका काटा काढला, जो ते कुणाला हात लावू देत नसत. पाकीट फोडलं, ट्रे ठेवला, रिकाम्या ट्रेचं वजन वजा केलं. पाकिटावर छापलं होतं तेवढंच भरलं. दुसरं पाकीट ठेवलं. तेही बरोबर. तिसरं तर दोन ग्रॅम जास्तच! काकांचा चेहरा पडला. लबाडी सापडली नाही की त्यांना नेहमीच जरा चुकल्यासारखं व्हायचं.

लबाडी नाही म्हणजे मग काय? त्यांनी त्यावर जास्त डोकं चालवलं नाही. पोटात कावळे ओरडत असताना कोण डोकं चालवतो? त्यांनी सरळ दुसरं पाकीट ओव्हनला दाखवलं. तेही संपवलं. तेव्हा कुठे डब्याचं जेवण झाल्यासारखं वाटलं.

पण हा ओव्हन घरभेदी निघाला. संध्याकाळी पुतणीचा फोन आला. "काका, माझ्या फोनवर दुपारची दोन जेवणं दिसतायत. मशीन बिघडलं का?"

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण काय खातो, किती खातो हे तिकडे पोरीच्या फोनवर उमटतं? ह्या वयात खादाड म्हणवून घ्यायचं? "छे छे," ते म्हणाले, "पाहुणा आला होता. एक... दुकानदार."

दुसऱ्या दिवशी परत पाहुणा आला. तिसऱ्या दिवशी दोन्ही वेळा आला.

"काका," पुतणी म्हणाली, "रोज येतो हा पाहुणा? का येते? घरात काही लपवताय का आमच्यापासून?"

ती खिदळत होती. काका इकडे ओट्याला टेकून घाम पुसत होते. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती; म्हणजे बाजारात वहिनीबद्दल बोलायचे ते त्यांच्या लेखी खोटं नव्हतं. ते मन मोकळं करणं होतं.

अशाने व्हायचं तेच झालं. रविवार लांब होता आणि फ्रीझर रिकामा झाला. काकांनी तळाशी हात घालून बघितलं, बर्फ लागला. पुतणीला कळवायचं तर 'पाहुण्या'ने आठवड्याचा शिधा उडवला असं सांगावं लागणार. बाहेर जाऊन खायचं तर बाजारातली सगळी माणसं ओळखीची. 'यंत्राने पण उपाशी ठेवलं का?' म्हणून विचारणार. भूक तर अशी लागलेली की जिन्यात खालून येणाऱ्या भाताच्या वासाने डोळ्यांत पाणी यावं.

काकांनी बहाणा शोधला. वहिनींच्या किचनमधला नळ ठिबकत होता ना मागे? तो बघायला जावं. दीर आहे आपण, हक्काने जाऊ. आणि एकदा आत गेलं, की 'जेवता का भावोजी' असं विचारल्याशिवाय ती राहायची नाही. तोंड वाकडं करून हो म्हणायचं. असं ठरवून, पाना हातात घेऊन, ते जिना उतरले.

दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी किचनच्या टेबलाशी दाराकडे पाठ करून बसली होती. समोर ताट. आणि ताटात काय तर भाताचा हा एवढा ढीग! डाळ-भाजी घातलेला, वर तूप. वहिनी मान खाली घालून भराभर जेवत होती. घास गिळायच्या आत दुसरा घास. इतकी तल्लीन की दार वाजलेलंही तिला कळलं नाही.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे असं आहे तर! आम्ही वर बर्फ चाचपतोय, आणि अंगात ताकद नसलेली बाई इथे ताट हाणतेय.

"चालू दे, चालू दे," ते म्हणाले. "तब्येत बरी दिसतेय."

वहिनी एवढी दचकली की चमचा खाली पडला. तिने वळून बघितलं, आणि मग एक विचित्र गोष्ट केली. दोन्ही हात आडवे करून तिने ताट झाकलं. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"भावोजी! अहो... मला आज जरा भूक लागली होती. म्हणून..." तिने ताट पटकन पुढे सरकवलं. "घ्या ना. बसा. माझं झालंय. मी दुसरं ताट आणते, ह्यात चमचाच तर लागलाय. थांबा, काढून देते."

"काही नको. पातेल्यातलं द्या."

"पातेल्यात नाही उरलं."

काका ओट्याकडे वळले. ओट्यावर पातेलं होतं, तळाशी चार शितं. एक छोटं, दोन कानांचं पातेलं. काकांनी ते सवयीने उचललं, तळहातावर ठेवलं, आणि हात तिथेच थांबला.

"हे पातेलं?" ते म्हणाले. "मोठं कुठे गेलं?"

"ते कधीचं माळ्यावर टाकलंय. भरलं की उचलत नाही मला, मनगट वळतं. दोनदा सांडलं माझ्या हातून. तेव्हापासून हेच."

"तेव्हापासून म्हणजे? माझा डबा...?"

"ह्यातच व्हायचा की. सगळं एकत्र शिजवायचं, काय वाईट आहे? तुम्हीच एकदा बोललात, हल्ली सगळं एकत्रच का म्हणून."

फडताळात डबा पालथा घातलेला होता. भावाचा डबा. भाऊ गोदामात अंगमेहनत करायचा, त्याच्या भुकेचा डबा तो. काकांनी तो काढला. नळाखाली धरून काठोकाठ भरला. मग ते पाणी सावकाश पातेल्यात ओतलं. तेलवाल्यांची, दूधवाल्यांची मापं ते अशीच तपासायचे. ह्यातलं त्यात ओतायचं आणि कुठवर येतं ते बघायचं. त्यात वाद घालायला जागा राहत नाही.

"अहो काय चाललंय तुमचं?" वहिनी म्हणाली. "नळ बघायला आलात ना?"

पाणी वर चढत गेलं. पातेल्याच्या काठाखाली दोन बोटं राहिली, तेव्हा डबा रिकामा झाला.

काका ती दोन बोटं बघत राहिले. अन्न शिजवताना पातेलं काही काठोकाठ भरत नाहीत, उतू जातं. म्हणजे ती दोन बोटंसुद्धा नव्हती. म्हणजे होतं ते सगळं डब्यात जायचं आणि तळाला जे चिकटून राहायचं ते...

"वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही काय जेवत होतात?"

"जेवत होते की. खरवडलेलं असायचं. चहा, ब्रेड. बायकांना काय लागतं?"

"परत चूल का नाही पेटवलीत? परत एक पातेलं?"

"तासभर उभं राहून पाय थरथरायचे हो. परत कोण उभं राहतंय."

"मग माझ्यात कमी भरायचं!"

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. तिला खरंच नवल वाटलं होतं. "भरलं होतं की कमी. छोट्या पातेल्यात करायला लागले तेव्हा. तुम्ही पायरीवरून डबा उचललात, हातावर तोललात आणि म्हणालात, 'वहिनी, आज चार घास कमी आहेत.' दुसऱ्या दिवशी परत म्हणालात. मला लाज वाटली. ह्यांच्या माघारी दिराला मापात मारते म्हणाल. मग नाही कधी कमी भरलं."

काकांना आठवलं. आठवलं म्हणजे कसं, त्यात आठवायला वेगळं काही नव्हतंच. ते रोजच काहीतरी म्हणायचे. 'आज भरगच्च आहे हं,' 'आज हलका लागतोय.' गंमत होती ती! त्यांना वाटायचं वहिनीला मजा येत असेल. ती खाली, जिन्याच्या मधल्या पायरीवर, धाप लागलेली, वर बघत उभी असायची. काका तोलायचे. आणि ती थांबायची, काय म्हणतात ते ऐकायला.

लाज कशी असते ते आता काकांना समजलं. आतापर्यंत ते ज्याला लाज समजत होते, पुतणीसमोर खादाड ठरण्याची, बाजारात हसं होण्याची, ती लाज नव्हतीच. ही वेगळीच होती. हात कुठे ठेवावेत कळेना. विशेषतः उजवा हात कुठे ठेवावा ते कळेना.

"जेवा," ते कसंबसं म्हणाले. "तुमचं ताट गार होतंय."

"तुम्ही समोर उभे राहिल्यावर घास कसा जाईल माझा?" वहिनी म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत तिने विचारलं, "भावोजी, एक विचारू? फळवाली परवा चार बायकांदेखत मला म्हणाली, 'दीर वर उपाशी, तुमच्या घशाखाली उतरतं कसं?' मी काही बोलले नाही. आता त्या गल्लीने जातच नाही, मागच्या रस्त्याने वळसा घालून जाते. पण तिला हे सांगितलं कोणी?"

काकांनी पाना उचलला आणि ते बाहेर पडले. जिन्यात, नेमके मधल्या पायरीवर, बसले. कोणी सांगितलं म्हणे! भूक कुठल्या कुठे गेली होती.

संध्याकाळी ते गल्लीत गेले. हत्यारांची पिशवी घरीच ठेवली. किराणावाल्याकडे गिऱ्हाइकं होती. काकांना वाटलं, जाऊ दे, उद्या सांगू, एकटा असताना सांगू. पाय वळलेही होते. मग त्यांच्या मनात आलं, वहिनीला सुनावलं गेलं तेव्हा ती एकटी होती का?

"ऐका," ते मोठ्याने म्हणाले. "मी वहिनींबद्दल बोललो ते सगळं खोटं होतं. त्या मला उपाशी ठेवत नव्हत्या. त्या उपाशी राहत होत्या, आणि त्यांच्या वाटचं मी खात होतो. रोज. मला कळलं नाही."

गिऱ्हाइकं बघायला लागली. किराणावाल्याने पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता नुसती मान हलवली. फळवाली मात्र बोलली. तिने कमरेवर हात ठेवले.

"मला सांगून काय उपयोग? मी त्या बाईला भर बाजारात टाकून बोलले. तुमच्या शब्दावर! म्हटलं, हा माणूस एका ग्रॅमचं खोटं बोलत नाही, तर एवढं मोठं बोलेल का?" तिचा आवाज चढला. "केळी पण खाल्लीत माझी!"

"खाल्ली," काका म्हणाले.

"माझ्या काट्याला परत हात लावू नका. आधी त्यांना घेऊन या इथे. मी त्यांची माफी मागेन. मग बघू तुमचं."

काका मान खाली घालून उभे राहिले. फळवालीच्या काट्यावर कुणीतरी पेरू ठेवत होतं. काटा एका बाजूला किंचित ओढत होता, त्यांना लांबूनच दिसलं. ते तसेच घराकडे वळले.

पुतणीला फोन केला तो त्याहून कठीण गेला. "पाहुणा मीच," एवढं म्हणून त्यांनी बाकीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला वाटत होतं जिन्यामुळे तिची ताकद गेलीय. डबा बंद झाला आणि चार दिवसांत तिला तरतरी आली तेव्हाही मी म्हटलं, आराम मिळाला म्हणून. मी तिची मुलगी, काका. मलाही नाही कळलं." आणि ती रडायला लागली. पण ती रडली म्हणून काकांचं ओझं काही हलकं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जावई नवी पाकिटं टाकून गेला. काकांनी वायर काढली, ओव्हन छातीशी धरला आणि एकेक पायरी चाचपत खाली आणला. वहिनी दारात उभी राहून "अहो पडाल, अहो पडाल" करत होती.

"हा आता इथे राहणार," काका म्हणाले. "आणि मीपण इथेच जेवणार. तुम्ही काही शिजवायचं नाही. शिजवायचं असलं तर मोठं पातेलं मी उचलीन. बसा."

वहिनी बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकली, कधीही उठायच्या बेताने. ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे मावायचा. काकांनी पहिला ट्रे ठेवला. टिंग झाली. त्यांनी तो फडक्याने धरून वहिनीसमोर ठेवला आणि दुसरं पाकीट ओव्हनला दाखवलं.

"तुमचं होऊ दे ना," वहिनी म्हणाली. "मग बरोबर बसू."

"गार होईल. जेवा."

"कसंसंच वाटतं हो. आधी मी जेवायचं म्हणजे..."

"वहिनी, हात जोडतो. जेवा."

ती जेवू लागली. आधी चमच्याच्या टोकाने, मग जरा बरी. काका समोर बसून मुद्दाम ओव्हनकडे बघत राहिले. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माफी मागायला उपाशीपोटीच यावं असं काहीतरी खूळ त्यांच्या डोक्यात होतं. आत वाफ घुमत होती.

अर्धा ट्रे झाला आणि वहिनीने चमचा ठेवला. ओठ टिपले. ट्रे दोन बोटांनी सरळ काकांपुढे सरकवला. "बास मला. छान आहे. हे घ्या तुम्ही. तुमचं होईपर्यंत."

काकांनी चमचा उचलला, भात घेतला आणि तोंडात घातला.

कसा घातला, कधी घातला, त्यांना कळलं नाही. हातानेच केलं ते. घास तोंडात होता, गरम, चवीचा, आणि तोंड तो चावत होतं. मग त्यांची नजर वर गेली. वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती ट्रेकडे बघत होती.

काकांना तो घास ना गिळवे ना थुंकवे. शेवटी गिळला. शरमेने त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ट्रे परत तिच्यापुढे सारला. तिने हाताने अडवला. "अहो, खरंच भरलं पोट..."

"वहिनी," काका म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. भूक आहे ना अजून?"

वहिनीने फडक्याची घडी घातली, परत उलगडली. मानेपासून वरपर्यंत ती लाल झाली. ह्या घरात इतकी वर्षं झाली, आणि हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"आहे," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. मग ट्रे आपल्याकडे ओढून घेतला. "खूप आहे."